हिवाळी सुट्टीनंतरचा पहिला तास: तुम्ही वर्गात काय करता?

निळी_शाई (रविवार, संध्याकाळी ७:५०)

उद्या शाळा उघडतेय. दोन आठवड्यांची हिवाळी सुट्टी संपली. मी नववीला विज्ञान शिकवते. अकरा वर्षं झाली, तरी सुट्टीच्या शेवटच्या रात्री पोटात गोळा येतो तो येतोच. या वेळी म्हटलं, एकटीने घोळवत बसण्यापेक्षा इथे विचारावं. इथे रोज वर्गात उभे राहणारे बरेच जण आहेत.

गेल्या वर्षीचा पहिला तास मनातून जात नाही. वर्गात शिरले तर फळ्यावर सुट्टीआधीची तारीख तशीच, खाली अर्धवट पुसलेली विद्युत परिपथाची आकृती. मला वाटलं, बरं झालं, इथूनच पुढे जाऊ. "एकसर जोडणीत धारेचं काय होतं, सांगा बघू." समोर चाळीस चेहरे, कुणीतरी जांभई दिली. मी सेकंदभर थांबले असेन नसेन, उत्तर स्वतःच देऊन टाकलं. मग दुसरा प्रश्न, त्याचंही उत्तर माझंच. तास संपला तेव्हा पाठाची दोन पानं 'झाली' होती. शुक्रवारी छोटी चाचणी घेतली. निम्म्या वर्गाने लिहिलं होतं की पहिला बल्ब धारा वापरून टाकतो, म्हणून दुसऱ्याला कमी मिळते. सुट्टीआधी आम्ही हे प्रयोग करून पाहिलं होतं! मला राग आला आणि मी बोलून गेले, "सुट्टीत डोकं घरीच ठेवून आलात का सगळे?"

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा हात प्रत्येक प्रश्नाला वर असायचा. तिने मान खाली घातली. पुढे दोन महिने तिचा हात वर आला नाही. ते वाक्य मला अजून बोचतं.

तर विचारायचं असं की पहिल्या तासाला तुम्ही नेमकं काय करता? थेट धडा, उजळणी, गप्पा? आणि माझ्यासमोर टेबलावर सुट्टीआधीच्या चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा आहे, त्यातले अजून तीसेक तपासायचे राहिलेत. रात्री जागून तपासून उद्याच देऊ का?

बीजगणित (रविवार, रात्री ८:२५)

ताई, तुमचा अनुभव वाचताना माझाच वर्ग डोळ्यांसमोर आला. मी गणित शिकवतो, आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच केलं. आता करत नाही, ते का हे थोडं सविस्तर लिहितो.

मुलं विसरलेली असतात हे खरं. पण विसरलं म्हणजे पुसलं गेलं असं नाही. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सगळ्यांना त्याचा तो घसरत जाणारा आलेख आठवतो. मला महत्त्वाची वाटते ती त्याची मोजण्याची रीत. जे अजिबात आठवत नाहीये, तेही दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. वाचलेला वेळ हीच त्याची मोजपट्टी होती. सुट्टीनंतर कोऱ्या चेहऱ्यांकडे बघताना मी हे स्वतःला बजावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण उजळणी करून देणं आणि मुलांनी आठवून काढणं यांत फार फरक आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे गेले. म्हणजे आपण फळ्यावर झरझर उजळणी घेतो तेव्हा मुलांना 'हां, हे येतंय' असं वाटतं, आपल्यालाही वाटतं आणि दोघेही फसतो.

म्हणून मी पहिल्या तासाला कोरे कागद वाटतो. वही-पुस्तक बंद. सुट्टीआधीचा घटक फळ्यावर दोन शब्दांत लिहितो आणि म्हणतो, सात मिनिटं, जे आठवेल ते लिहा, सूत्र, आकृती, अर्धं वाक्य, चुकीचं वाटलं तरी. नाव घालायचं नाही, गुण नाहीत. मग तीन मिनिटं शेजाऱ्याशी कागदांची अदलाबदल, आणि भर घालायची ती दुसऱ्या रंगाच्या पेनने. त्या वेळात मी बाकांमधून फिरतो आणि बोलत नाही. मला काय दिसतं सांगू? (a + b)² = a² + b² हे दर वर्षी पाच-सहा कागदांवर असतंच. आणि त्याच कागदावर खाली तीन ओळी सोडून योग्य सूत्रही असतं! दोन्ही डोक्यात शेजारीशेजारी नांदत असतात. हे मला कुठल्याही चाचणीत दिसलं नसतं, कारण चाचणीत मूल एकच लिहितं.

गठ्ठ्याबद्दल दुसरं कुणी सांगेल. माझं म्हणणं, आज झोपा.

नवीन_रुजू (रविवार, रात्री ८:४०)

वाचतोय. माझं हे पहिलंच वर्ष, सुट्टीनंतर पहिल्यांदाच परत जातोय. सुट्टीआधी आठवीचा वर्ग कसाबसा हातात आला होता. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का, याचीच धास्ती आहे.

जुना_फळा (रविवार, रात्री ९:०५)

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये. माझी नोकरी 32 वर्षं झाली. सुट्टीनंतर पहिल्या पाच मिनिटांत माझा खडू फळ्यावर टेकलेला असतो. मुलांना ओळखीची गोष्ट हवी असते. घरी दोन आठवडे सगळं सैल झालेलं असतं, उठण्याची वेळ नाही, जेवणाची वेळ नाही. वर्गात आल्यावर तेच सर, तीच पद्धत, तारीख, शीर्षक, समास, पहिलं उदाहरण दिसलं की मुलं स्थिरावतात. मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. पहिल्या दिवशी 'आज काही नाही' असा वास जरी मुलांना आला तरी तो आठवडा हातचा गेला. शिवाय पाठ उरलेले असतात आणि परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

बीजगणित सर, तुमच्या कागदाला माझा विरोध नाही. मात्र 'गुण नाहीत' म्हटल्यावर मागच्या रांगा कागदावर चित्रं काढतील, एवढं नक्की.

बीजगणित (रविवार, रात्री ९:२०)

काढतात सर! पहिल्या वर्षी निम्म्यांनी काढली. चौथ्या मिनिटाला कंटाळून एकेकाने सूत्रं लिहायला घेतली. आणि ओळखीच्या पद्धतीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझा कागदही पहिल्या पाच मिनिटांतच वाटला जातो. बसा, गप्पा मारा, असं मी कधीच म्हणत नाही.

@नवीन_रुजू, पहिल्यापासून नाही, पण पद्धती मात्र पुन्हा शिकवाव्या लागतात. हात कधी वर करायचा, वह्या कुठे ठेवायच्या, गटात बसताना बाक कसे वळवायचे. 'तुम्हाला माहीत आहे ना?' असं म्हणू नका. एकदा शांतपणे सांगा, एकदा करून घ्या. दहा मिनिटं जातात आणि महिनाभर पुरतात.

पहाटपक्षी (रविवार, रात्री ९:४५)

ताईंनी लिहिलेल्या त्या जांभईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते.

वयात येताना मुलांचं शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्यात रात्री उशिरा वाढू लागतं. लहानपणाच्या तुलनेत हा उशीर दोन तासांपर्यंत असू शकतो. तेरा ते अठरा वयाला झोप मात्र 8 ते 10 तास लागते. शाळा चालू असताना सकाळची घंटा या घड्याळाला ओढून धरते. सुट्टीत ती ओढ सुटते आणि मुलं त्यांच्या खऱ्या वेळेवर जातात, रात्री दोनला झोप, सकाळी अकराला जाग. त्यात हिवाळा, म्हणजे सकाळचा उजेडही उशिरा. आणि मग एका सोमवारी आपण त्यांना तीन-चार तास आधी उठवतो. लांबच्या देशातून विमानाने आल्यावर आपलं जे होतं, तेच त्यांचं शाळेच्या बाकावर होतं. शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेतं, म्हणजे बुधवार-गुरुवारपर्यंत तरी ती जांभई आळसाची नसते.

हे काही माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये जाहीर शिफारस केली की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू झाला.

शाळेची वेळ आपल्या हातात नाही. जे हातात आहे ते मी करते. पहिले दोन दिवस पहिल्या तासाला नवीन संकल्पना काढत नाही. खिडक्यांचे पडदे पूर्ण उघडते, जमलं तर वर्ग दहा मिनिटं बाहेर उजेडात नेते. सकाळचा उजेड हे घड्याळ मागे आणायला सगळ्यात जास्त मदत करतो. आणि मुलांना हे कारण सांगते. 'तुम्ही आळशी नाही, तुमचं घड्याळ पुढे गेलंय, ते असं मागे आणायचं,' असं म्हटलं की मुलं फार लक्ष देऊन ऐकतात. त्यांच्याबद्दल कुणीतरी आरोप न करता बोलतंय, याचं त्यांना अप्रूप वाटतं.

दोन_मुलांची_आई (रविवार, रात्री १०:००)

पालक म्हणून एकच विनंती करते. पहिलं वाक्य 'सुट्टीतला गृहपाठ काढा' हे नसू दे. माझा मुलगा आत्ता, या क्षणी, प्रकल्पाच्या वहीवर मार्जिन आखत बसलाय आणि डोळ्यांत पाणी आहे. करायला हवा होता, नाही केला, आमचंही लक्ष कमी पडलं. तपासा, जरूर तपासा, पण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. त्याला उद्या वर्गात पाय ठेवावासा वाटला पाहिजे.

निळी_शाई (रविवार, रात्री १०:१०)

त्याला झोपवा हो. वही अर्धी असली तरी चालेल म्हणावं, एक बाई म्हणाल्या.

ऐकणारी (रविवार, रात्री १०:३०)

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. पहिल्या दिवसाचा एक लाडका प्रश्न आहे, 'सुट्टीत काय काय मजा केली?' तो कृपा करून भर वर्गात विचारू नका. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चाळीस मुलांत कुणीतरी असतंच ज्याच्या घरी या दोन आठवड्यांत आजारपण झालंय, कुणी गेलंय, आईवडील वेगळे राहायला लागलेत. आणि काहींसाठी सुट्टी हाच वर्षातला अवघड काळ असतो, कारण दिवसातले जे सहा-सात तास शांत जायचे ते शाळेतलेच होते. अशी मुलं फिरायला गेल्याची गोष्ट रचून सांगतात. मी ऐकल्या आहेत अशा गोष्टी. नंतर माझ्या खोलीत येऊन रडलेलीही मुलं पाहिली आहेत.

त्याऐवजी कागदाची एक छोटी चिठ्ठी द्या. 'या आठवड्यात मला तुझ्याबद्दल काही माहीत असायला हवं का?' उत्तर द्यायची सक्ती नाही, 'नाही' लिहून घडी घातली तरी चालेल. पंचवीस जण 'नाही' लिहितील. दहा जण काहीतरी गमतीचं लिहितील. दोघं-तिघं खरं लिहितील. त्या दोघा-तिघांना त्याच दिवशी, एकट्यात, 'वाचलं मी' एवढं तरी सांगा. गंभीर असेल तर स्वतः खोदून विचारू नका, समुपदेशकाकडे किंवा मुख्याध्यापकांकडे लगेच पोचवा. चिठ्ठी घेतली आणि काहीच केलं नाही, असं मात्र होऊ देऊ नका. मग पुढच्या वेळी ते मूल काहीच लिहीत नाही.

आणि निळी_शाई ताई, ती मुलगी अजून तुमच्याच शाळेत आहे का? असेल तर बोला तिच्याशी. वर्ष झालं म्हणून उशीर झाला असं नसतं.

शेवटचा_बाक (रविवार, रात्री १०:५०)

मी शिक्षक नाही, कॉलेजात शिकतो. सहा वर्षं शेवटच्या बाकावर बसलो, म्हणून तिथून कसं दिसतं ते सांगतो. सुट्टीनंतर सरांनी प्रश्न विचारला की उत्तर असायचं, पण ते तुकड्यातुकड्यात यायचं. आधी पुस्तकातलं पान दिसायचं, मग चित्र, मग शब्द. वाक्य जुळत आलं की तोवर सरांनीच उत्तर दिलेलं असायचं. मग पुढच्या वेळी मी आठवायचेही कष्ट घेतले नाहीत, कारण सर सांगणारच होते.

स्वल्पविराम (रविवार, रात्री ११:१०)

शेवटचा_बाक, तू जे लिहिलंस त्यावर मेरी बड रो या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात खूप काम केलं. त्यांनी वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद! वर्गात उभं राहून ते किती लांब वाटतात हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी टेबलाखाली बोटांवर मोजते. सुट्टीनंतरच्या आठवड्यात पाचपर्यंत.

ताई, गठ्ठ्याबद्दल. मी भाषा शिकवते, त्यामुळे गठ्ठ्यांची मला सवय आहे. पहिल्या दिवशी गुण देऊ नका असं माझं ठाम मत आहे. रूथ बटलर यांचा 1988 चा अभ्यास यावर फार बोलका आहे. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना त्या शेऱ्याचा फायदा झालेला दिसला नाही. आकडा दिसला की खालची ओळ कुणी वाचतच नाही, हे आपण रोज बघतोच. आता दोन आठवड्यांनी, झोपमोड झालेल्या सोमवारी तो आकडा हातात पडला तर त्या दिवसाचं काय होईल? राहिलेले पेपर मंगळवारी, बुधवारी तपासा, प्रत्येकावर एकच शेरा लिहा, पण मुलाला पुढे काय करायचं ते कळेल असा. 'प्रयत्न कर' हा शेरा नव्हे. गुण नंतर वेगळे सांगा.

आणखी एक, घशाची काळजी घ्या सगळ्यांनी. दोन आठवडे घरच्या आवाजात बोललेला घसा एकदम सहा तास वर्गाच्या आवाजात लावला की बुधवारी बसतो, माझा दोनदा बसलाय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. वर्गात भिंतींमुळे इतका नाही, पण उतरतो. मागच्या बाकासाठी आवाज चढवण्यापेक्षा चालत मागे जावं. पाण्याची बाटली टेबलावर ठेवावी, आणि सारखं खाकरू नये, त्याने स्वरपट्ट्या आणखी घासल्या जातात.

नावं! नावं विसरतात हो सुट्टीत. आज रात्री हजेरीपट डोळ्यांखालून घाला. उद्या चुकीच्या नावाने हाक मारली तर मूल काही बोलत नाही, पण लक्षात ठेवतं.

जुना_फळा (सोमवार, सकाळी ६:०५)

रात्री सगळं वाचलं. माझ्याकडे यंदा नववीच्या दोन तुकड्या आहेत. एकीला कागद देतो, दुसरीला नेहमीसारखा धडा. बघू.

बीजगणित सर, विस्मरणाचं इतकं लिहिलंत तर एक तुम्हीच सांगा. दोन आठवड्यांत खरंच इतकं विसरतात का, की आपणच बाऊ करतो?

बीजगणित (सोमवार, सकाळी ६:४०)

सर, यावर मोठा अभ्यास आहे तो उन्हाळी सुट्टीबद्दल. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये 39 अभ्यास एकत्र करून पाहिले. लांब सुट्टीनंतर मुलं साधारण महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे येतात, आणि वाचनापेक्षा गणितात घसरण जास्त असते. ती सुट्टी दोन-अडीच महिन्यांची. दोन आठवड्यांना तोच हिशेब लावू नये. मला वाटतं हिवाळी सुट्टीनंतर गेलेलं कमी असतं, गंजलेलं जास्त. सूत्रांसारख्या, पायऱ्यांच्या गोष्टी आधी गंजतात. गोष्ट किंवा प्रयोग टिकतो. निघतो, घंटा होईल. सगळ्यांना शुभेच्छा!

निळी_शाई (सोमवार, संध्याकाळी ६:१५)

आले. पाय दुखतायत, घसा शाबूत आहे (मागच्या बाकापर्यंत सतरा वेळा तरी चालत गेले असेन).

पेपर घरीच ठेवले. आधी चिठ्ठ्या, मग कोरे कागद. फळ्यावर 'विद्युत परिपथ' एवढंच लिहिलं आणि घड्याळ लावलं. पहिली दोन मिनिटं माझ्यासाठी फार कठीण गेली. कुणी काही लिहीना. मुलं एकमेकांकडे बघत होती, एकाने पेनचं टोपण सात-आठ वेळा काढघाल केली. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, 'घटाचं चिन्ह आठवतंय का?' मी ते गिळलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग पेनांचा आवाज सुरू झाला. वळून बघितलं तर बहुतेक माना खाली.

शेजाऱ्याच्या कागदावर भर घालायची वेळ आली तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "अरे असं नाही, दोन्ही बल्ब एकाच तारेवर!" असं एकजण भांडून सांगत होता.

आणि तो समज यंदाही आहे. नऊ कागदांवर. एका मुलाने तर दोन बल्ब काढून पहिल्याभोवती मोठे किरण आणि दुसऱ्याभोवती बारके किरण काढलेत, खाली बाण करून 'उरलेली धारा'. इतकं नीट, इतकं विचारपूर्वक काढलंय की मला त्याला चूक म्हणवेना. तो तर्क करतोय. काहीतरी खर्च होतं हे त्याचं बरोबरच आहे. खर्च होते ती ऊर्जा, धारा नाही, इतकंच त्याचं सुटलंय. गेल्या वर्षी मी याच समजावर वैतागले होते.

चिठ्ठ्यांमध्ये तीन 'खऱ्या' होत्या. एकीबद्दल आज समुपदेशकांशी बोलले. बाकी इथे लिहिणार नाही.

ऐकणारी (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

बरं वाटलं ताई. खरंच.

नवीन_रुजू (सोमवार, रात्री ८:१०)

माझा दिवस संमिश्र गेला. पद्धती पुन्हा शिकवल्या, दहाऐवजी वीस मिनिटं गेली. पाचव्या तासाला गोंधळ झाला आणि मी आवाज चढवला. पण पहिल्या तासाला एक मुलगा जाताना म्हणाला, "सर, तुम्हाला माझं नाव लक्षात होतं." काल रात्री हजेरीपट वाचला होता म्हणून.

जुना_फळा (मंगळवार, दुपारी ४:३०)

दोन तुकड्यांचा प्रयोग. ज्यांना थेट धडा दिला ते अर्थातच एक तास पुढे आहेत. ज्यांना कागद दिला त्यांनी आज चार प्रश्न आपणहून विचारले, त्यातले दोन मला अपेक्षित नव्हते. एवढ्यावरून मी मत बदलणार नाही, दोन तुकड्या मुळातच वेगळ्या आहेत. महिन्याने दोघींना एकच चाचणी देईन आणि इथे लिहीन. मागच्या रांगेत चित्रं निघाली. एक माझं होतं, बऱ्यापैकी जमलं होतं.

निळी_शाई (बुधवार, संध्याकाळी ५:४०)

आज प्रयोग केला. एक घट, दोन सारखे बल्ब, एकसर जोडणी, धारा मोजायला एक अ‍ॅमीटर. 'उरलेली धारा' काढणाऱ्या मुलालाच जोडणी करायला बोलावलं (सगळ्यांसमोर त्याचा कागद दाखवला नाही, नावही घेतलं नाही). कळ दाबली आणि नेमका दुसरा बल्ब किंचित मंद लागला. सगळा वर्ग ओरडला, "बघा बाई, कमी मिळाली!"

पाच सेकंद थांबले. बोटांवर मोजले, स्वल्पविराम ताई. तिसऱ्या सेकंदाला दुसऱ्या रांगेतून एक मुलगी हळूच म्हणाली, "बल्बांची जागा बदलून बघू या का?" बदलली. तोच बल्ब, आता पहिल्या जागेवर, तसाच मंद. म्हणजे दोष बल्बाचा, जागेचा नाही. मग त्या मुलाने मी न सांगता अ‍ॅमीटर घटाजवळ लावला, मग दोन बल्बांच्या मधे, मग शेवटी. काटा तिन्ही वेळा एकाच रेघेवर. तिसऱ्या वेळी तो इतका वाकून बघत होता की नाक काचेला लागलं. पुन्हा एकदा पहिल्या जागी लावून बघितलं त्याने. मी थांबवलं नाही.

हे पाठाच्या नियोजनात एका दिवसाचं होतं, मला तीन लागले. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते बघेन.

आणि हो, ती मुलगी. यंदा दहावीत आहे. मधल्या सुट्टीत गाठलं तिला. म्हटलं, गेल्या वर्षी सुट्टीनंतर मी तुम्हाला जे बोलले ते चुकीचं होतं, ते माझ्या मनात राहिलंय. ती म्हणाली, "हो बाई, आठवतंय." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. घंटा झाली आणि ती वर्गात गेली.

ऐकणारी (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

तिने लगेच काही म्हणायलाच हवं असं नाही. तुम्ही तुमचं केलंत.

नवीन_रुजू (बुधवार, रात्री ९:००)

उद्या मीही कोरा कागद देणार आहे. एक शंका, नंतर ते कागद गोळा करायचे की मुलांकडेच ठेवायचे?

निळी_शाई (बुधवार, रात्री ९:१५)

मी गोळा केलेत. नावं नाहीत, पण प्रत्येकाला कोपऱ्यात आपली एक खूण करायला सांगितली होती. तीन आठवड्यांनी परत वाटेन, तोच घटक, तीच सात मिनिटं, मागच्या बाजूवर. मागची बाजू कोरी ठेवायला विसरू नका.